तळ्यातली जलपर्णी

आठवीच्या वर्गाला घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर गेले, तेव्हा जलपर्णी फुलली होती. पाणी दिसतच नव्हतं, नुसती फिकट जांभळी फुलं. मुलं हरखली.

मी सांगू लागले, "ही इथली नाही. बाहेरून आली आणि सगळं तळं व्यापून बसली. हिच्याखाली ऊन पोचत नाही, मासे गुदमरतात."

"मग उपटूनच टाकू या, बाई. बाहेरचीच आहे ती," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

पिंकी हसली नाही. तिचे वडील बिहारहून इथे फरशी बसवायच्या कामाला आलेत. तिनं हळूच विचारलं, "बाई, ती आपणहून आली का?"

"नाही गं. फुलं आवडली म्हणून माणसांनीच आणली. वर आपण गटारं तळ्यात सोडली, म्हणून ती इतकी माजली."

'बाहेरची' हा शब्द वनस्पतीसाठी वापरला, तरी वर्गात तो वनस्पतीपाशी थांबत नाही, असं वाटत राहिलं.

जलपर्णी काढायची तर होतीच. आम्ही काठावरून ओढू लागलो. पिंकीही ओढत होती. मध्येच थांबून तिनं मुळांत अडकलेली एक इवलीशी गोगलगाय सोडवली आणि अलगद पाण्यात ठेवली.