ठकूआजीची हाक

आमच्या लोणीच्या डेअरीत सकाळी दूध जमतं आणि दुधाबरोबर किस्सेही. दूध टँकरमधून निघून जातं, किस्से मात्र इथंच साठतात राव! त्यातले निम्मे एकट्या ठकूआजीचे. वय झालंय, पण किटली स्वतः घेऊन येणार. आणि ज्याच्यावर जीव, त्याला एकच हाक : "मुडद्या!"

*

पुण्याहून नवा सुपरवायझर आला. आजी त्याला 'सायेब' म्हणायची. एकदा त्यानं आपणहून तिची किटली उचलली.

"ऱ्हाऊ दे की मुडद्या, कंबर धरंल तुजी!"

साहेब लालबुंद! मला बाजूला घेऊन म्हणाले, "या बाई मला मेलेला म्हणाल्या?"

मी म्हटलं, "सर, अभिनंदन! आजपासून तुम्ही गावातले."

पुढं एकदा आजी चुकून परत 'सायेब' म्हणाली. तर हे कासावीस. "आजी, माझं काय चुकलं का?"

*

जुन्नरच्या आमच्या कापडवाल्या शेठजींना नातू झाला. आजी बघायला गेली. पोर चांगलं गुटगुटीत.

"काय गं ह्ये वाळकं माकड आणलंस!"

शेठजींची सून रडायच्या बेतात. पण शेठाणी इथंच लहानाच्या मोठ्या झालेल्या. तान्ह्या पोराचं कौतुक करायचं नाही, दृष्ट लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या आजीच्या पाया पडून म्हणाल्या, "आजी, अजून बोला!"

*

आजीचा नातू संदीप घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतो. लॅपटॉपवर मीटिंग चाललेली, माईक चालू, आणि मागून आवाज :

"मुडद्या, भाकर गार झाली!"

संदीप माईक बंद करायला धडपडला. तेवढ्यात त्याचे साहेब म्हणाले, "संदीप, आधी जेवून घे. मलाही असं बोलवणारं कुणीतरी होतं रे." मीटिंग तिथंच संपली!

*

संदीपची बायको पूजा शहरातली, शिकलेली, स्वभावानं गोड. पण तिच्या साडेतीन वर्षांच्या ओमला आजी 'मुडद्या' म्हणाली की तिच्या काळजात चर्र व्हायचं. एक दिवस ती म्हणालीच, "आजी, लेकराला असं नका ना म्हणू."

आजी म्हणाली, "अगं, यम दारात आला तर त्याला वाटावं, ह्यो आदीच मेलाय. त्यो म्होरं निघून जातूय. माजी चार पोरं गेली, मग ह्याच्या आज्ज्याला मी मुडद्या म्हनाया लागले. त्यो जगला."

डेअरीत हे आजीनंच सांगितलं. पण नातसुनेचा शब्द आजीनं मानला. त्या दिवसापासून नुसतं 'बाळ'. ओमलाही सांगून ठेवलं, मम्मीला आवडत नाही.

*

गेल्या पावसाळ्यात ओमला ताप चढला, उतरेचना. दवाखान्यात ठेवला. पोर डोळे उघडेना. मी डबा घेऊन गेलो होतो, म्हणून सगळं समोर पाहिलं. आजी उशाशी बसून, "बाळा, ए बाळा," करत होती. तिच्या तोंडी ते ऐकून मलाच भीती वाटली.

पूजानं आजीचे दोन्ही हात धरले. "आजी, तसं म्हणा ना. पहिल्यासारखं."

आजीनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग अख्खा वॉर्ड दणाणला :

"ऊठ की रं मुडद्या!"

नर्स धावत आली. "अहो आजी, पेशंटला असं बोलतात का?"

"बोलू द्या त्यांना!" पूजा ओरडली. "आजी, अजून मोठ्यांदा!"

"मुडद्या! ए मुडद्या!"

ओमनं डोळे किलकिले केले. आधी आईकडं पाहिलं, मग आजीकडं. आणि हळूच म्हणाला,

"आजी, गप. मम्मी ओरडंल."