कंपायलरसाठी लावलेला ट्रंककॉल

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी मुंबईहून सुट्टीला कळंबजवळच्या आमच्या गावी आले, ती परत जायचंच नाही असं मनाशी ठरवून. तिकडं प्रयोगशाळेत आम्ही एक कंपायलर लिहीत होतो. नुसत्या फंक्शनांनी, गणितासारखे लिहिलेले प्रोग्राम तो यंत्राच्या भाषेत उतरवायचा. असे प्रोग्राम दिसायला सुरेख, पण फार संथ. कारण कुठलाही हिशेब गरज पडेपर्यंत करायचा नाही, हा त्या भाषेचा नियम. कोणता हिशेब नक्की लागणार हे आधीच ओळखून तो उरकून टाकायचा आणि वेळ वाचवायचा, हे काम माझ्याकडं होतं. पण माझा भाग जोडला की एक साधासा प्रोग्राम थांबायचाच नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "सुट्टीनंतरही हेच असेल तर प्रबंधाचा विषय बदला."

घरी आई रोजगार हमीवर खडी फोडायला जात होती. बाबा दूध संस्थेत. जनावरं छावणीत गेलेली, संस्थेत दूधच येत नव्हतं. त्यांच्यापुढं आपलं रडगाणं कसं लावायचं? पण आईनं ओळखलं.

"काय बिघडलंय गं?"

"प्रोग्राम थांबत नाही, आई."

"मंग बस की त्याच्यापाशी. पाण्याला मी जाते."

छपराखाली बसून कागदावर एकेक पायरी हातानं सोडवू लागले. एका दुपारी सापडलं. प्रोग्रामला दोन वाटा फुटतात तिथं दोन्हींवर लागत असेल तरच हिशेब आधी करायचा. मी एकीवर लागला तरी करत होते, आणि इथं तो कधीच न संपणारा होता. 'आणि'च्या जागी 'किंवा' पडला होता.

बाबांनी सायकलवरून कळंबच्या पोस्टात नेलं. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला ट्रंककॉलवर ओरडून दुरुस्ती सांगितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला.

"थांबला? खरंच थांबला?" आणि मला रडूच फुटलं.

रांगेतली एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. "कोण व्हतं, बाई? लई तरास झाला का जाताना?"

बाबा गडबडले. "कुणी गेलं न्हाय, मावशी. लेकीचं काम झालंय."

"व्हय? मंग रडू द्या तिला," म्हातारी म्हणाली. हात तसाच पाठीवर.

सरांनी पुन्हा विषय बदलायचं नाव काढलं नाही. पुढं प्रबंध बांधून घरी नेला, तेव्हा आईनं पदराला हात पुसून तो घेतला.

"ह्यात तुझं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. त्याच पानावर अंगठा धरून ती शेजारणीकडं गेली.