गाडीमामांचा सोमवार

गाडीमामा विजेच्या गाडीजवळ कधी मागून गेले नाहीत. चार पावलं अलीकडे थांबून खाकरायचे, "हो, हो, मीच हाय," म्हणायचे आणि मग पुढून येऊन तिच्या लोखंडी कपाळावर थाप मारायचे. गाडीला लाथ मारता येत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. "तुला काय ठावं? तू कवा हाकलीस?" म्हणाले. मी हाकली नव्हती. सेलूच्या कापसाच्या जिनिंगात मी दाबलेल्या रुईच्या गाठींवर काळ्या रंगानं नंबर घालायचो, आणि विशीतल्या माणसाला असते तेवढी अक्कल मला होती.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. सेलूत विजेचा दिवासुद्धा नवलाचा, आणि आमच्या सेठजींनी मुंबईच्या गोदीत वापरून झालेली एक बॅटरीची गाडी मागवली. चार बुटकी चाकं, वर फळ्यांचा सपाट ओटा, पुढे उभं राहून हाकायची जागा आणि ओट्याखाली बॅटरीच्या पेट्या. जिनिंगातल्या तेलाच्या इंजिनावर तिला वीज भरायची आणि स्टेशनच्या मालधक्क्यापर्यंत गाठी वाहायच्या. तिला हात लावायला कुणी धजेना, तेव्हा झरी गावाकडचा एक जुना गाडीवान पुढे झाला. त्याची बैलजोडी रोगानं गेली होती. सेठजींनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "मामा, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालली तर ठेवीन. नाहीतर ही भंगारात आणि तुम्ही झरीला."

गाडी दुपारपर्यंत चालली आणि वाटेत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पाहतो तर मामा पेटीचं झाकण उघडून हातात तांब्या घेऊन उभे. तांब्यात गुळाचं पाणी! थकलेल्या बैलाला देतात तसं. मी धावत जाऊन हात धरला नसता तर बॅटरी तिथेच गेली असती. सेठजींना मात्र मी हे सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून मामा मला जरा माणसात धरू लागले.

गूळ चुकला, पण बाकीचं बैलशास्त्र त्यांनी सोडलं नाही. एका खेपेला चारच गाठी. उतारावर वीज बंद. मोटारीचा आवाज जड झाला की, "दम लागलाय तिला," म्हणून थेट लिंबाच्या सावलीत. आणि काय सांगावं, तासाभरानं ती पुन्हा चालायची! दुपारी बसणारी गाडी महिनाभरात दिवेलागणीपर्यंत पोचली. रोज सकाळी ते प्रत्येक पेटीला कुंकू लावत. त्याला मी हसलो, पण एखाद्या पेटीतून तेजाब पाझरलं की तिथलं हळदीचं कुंकू लालाचं पिवळं पडायचं आणि मामांना दुखणं नेमकं कळायचं.

भांडण झालं ते सोमवारावरून. मामा लिंगायत. त्यांच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत, तो नंदीचा वार. मामांनी गाडीलाही सोमवारी सुट्टी दिली आणि दिवसभर सावकाश वीज भरत ठेवली. सेठजी तापले. "अहो, हिला शेपूट तरी आहे का?"

"शेपूट तर तुमालाबी न्हाई, सेठजी. तुमी कामून एकादशी धरता?"

 मंगळवारी गाडी अशी ताजी निघायची की त्यांना नाइलाजानं सोमवार सोडून द्यावा लागे.

पण एका हंगामात बरेच दिवस अडलेला रेल्वेचा वाघीण-डबा नेमका सोमवारी आला, आणि दुपारच्या आत भरायचा होता. सेठजींनी परभणीहून खाकी पाटलोणीतला ड्रायव्हर आणला.  मामा एवढंच म्हणाले, "तिसऱ्या पेटीचं कुंकू पिवळं पडलंय. बेतानं न्या." ड्रायव्हर हसला. त्यानं चाराच्या जागी आठ गाठी लादल्या, सुसाट सोडली, आणि रेल्वेच्या फाटकात, बरोबर दोन रुळांच्या मध्ये, गाडी बसली.

पॅसेंजर यायची वेळ झालेली. फाटकवाला लाल झेंडी घेऊन रुळांवरून पळत सुटला. "बैल आणा! बैल आणा!" सेठजी ओरडले. मामा धापा टाकत पोचले आणि वाट अडवून उभे राहिले.

"सोमवारी बैल न्हाई. माणसं लावा!"

म्हणाले आणि दोरखंड स्वतःच्या खांद्यावर घेतला. हमाल लागले, मी लागलो, ड्रायव्हर लागला, आणि मागून खुद्द सेठजी. त्यांचं पागोटं रुळात पडलं, धोतराचा सोगा सुटला, पण त्यांनी हात काढला नाही. गाडी रुळांपलीकडे गेली तेव्हा इंजिनाची शिट्टी कानाशी वाजत होती. सेठजी गाठीवर मटकन बसले.  मग म्हणाले, "मामा, सोमवार तुमचा."

त्यानंतर मामांना कुणी झरीला पाठवलं नाही. पण बॅटरीलाही आयुष्य असतं. पुढे पुढे ती दुपारपर्यंत चालेना, मग न्याहारीपर्यंतही चालेना. मामा वीज भरत, सावलीत उभी करत, आवाजाला कान लावून बसत. शेवटी एका सकाळी ती जागची हललीच नाही. सेठजी हळूच म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावतो. पेट्यांत शिसं आहे." मामा म्हणाले, "म्हातारा बैल कसायाला देतेत का? मला द्या."

सेठजींनी दिल्या. मामांनी पेट्या झरीला नेल्या आणि स्वतःच्या शेतात खड्डा खणून पुरल्या. खणायला मी होतो.  मामा रडले, मीही रडलो, आणि लोखंडासाठी रडतोय याची मला जराही लाज वाटली नाही.

त्या तुकड्यात पुढे कधी ज्वारी उगवली नाही. तेजाबानं जमीन जळाली होती. एकदा पेरणीच्या दिवसांत मी गेलो तेव्हा मामा नव्या बैलजोडीमागे चालले होते. तो तुकडा आला तसं त्यांनी तिफण अलगद वर उचलली आणि बैलांना म्हणाले, "हळू चला रे बाबांनो. निजलीय ती."