मालदीवचं गाऱ्हाणं

तमाम जगाला कळवण्यात येतं की मालवणजवळच्या आमच्या वाडीने आपलं परराष्ट्र धोरण जाहीर केलेलं आहे. ज्या वाडीला पाण्याच्या टाकीची जागा ठरवता आलेली नाही, तिने मालदीव या शेजारी राष्ट्राचा निकाल लावला. सर्व राजदूतांनी नोंद घ्यावी.

कुणी विचारेल, तुमचा आणि मालदीवचा संबंध काय? संबंध एकच, माझ्या चुलत बहिणीचा मुलगा, आमच्या बोलीत झील. इथल्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेऊन प्रवाळ दाखवायला तो शिकला आणि तेच काम करायला मालदीवच्या एका बेटावर गेला. मालक तिथलाच. मालकाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केरळात झालं, तेव्हा परतताना म्हातारीने आमच्या भाच्यासाठी केळ्याच्या वेफर्सची भलीमोठी पिशवी नेली. "हिंदुस्थानातून आलेय, तुझ्यासाठी हिंदुस्थानातलंच आणलं," म्हणाली. दोन देशांचं बरं चाललंय, हे मला त्या पिशवीवरून कळलं होतं.

मग तिथे निवडणूक झाली. नवे राष्ट्राध्यक्ष आले ते भारताचे सैनिक परत पाठवतो असं सांगतच. पाठोपाठ तिथले काही पुढारी इंटरनेटवर आपल्याबद्दल नको ते बरळले. इकडे आपली माणसं खवळली, मालदीवच्या सहली धडाधड रद्द झाल्या. आणि त्यातल्या काही सहली बॅगा घेऊन कुडाळ स्टेशनवर उतरल्या.

माझी समुद्राकाठी पर्यटकांसाठी चार खोल्यांची जागा आहे. त्या हिवाळ्यात एकही रिकामी नव्हती. शेजाऱ्याने रस्त्यावर फळाच ठोकला: 'मालदीव कित्याक? मालवण आसा मां!' फळ्यावर माडाचं चित्र होतं, आणि खाली पोहणारा मासा, तोही देशभक्तीने फुगलेला. मी पोट धरून हसलो. खोटं कशाला बोलू, सोलकढीचं पातेलं दिवसातून दोनदा भरावं लागत होतं.

बहीण रोज संध्याकाळी यायची आणि स्वयंपाकघराच्या दारात बसायची.

"किती भरले रे आज?"

"चारय खोल्ये."

"म्हणजे थंय चार रिकामे झाले."

"गो बाय, असो हिशोब नसता."

"मगे कसो असता, सांग."

मी कोकम पिळत राहिलो.

भाच्याचा फोन यायचा, पण त्यात पूर्वीची बडबड नसायची. पाहुण्यांत निम्मे आपलेच असायचे, ते यायचे थांबले होते. होड्या किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या. कामाची मुदत शिमग्याच्या सुमारास संपणार आणि पुढे ठेवतील की नाही, कुणी बोलत नव्हतं. बहीण विचारायची, "लोक वायट बोलतत काय रे तुका?" तो म्हणायचा, "नाय गो. मालक अजून जेवूक बोलवता. फक्त मी गेलंय की टीव्ही बंद करता."

हे तिला फार लागलं. तिने स्वतःच्या घरातला टीव्हीसुद्धा बंद केला. भांडण दोन राजांचं, पण आपला मुलगा कुणाच्या तरी घरात अवघडून जेवतोय, एवढंच चित्र तिच्या डोळ्यांपुढे असे. मलाही मग तो फळा बघून पहिल्यासारखं हसू येईना.

अशातच आमच्या देवळाची जत्रा आली. जत्रेत देवाला गाऱ्हाणं घालतात. मानकरी हातात नारळ घेऊन वाडीचं मागणं एकेक वाक्यात देवापुढे मांडतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणतात. मग नारळ फुटला की मागणं देवाकडे पोचलं. 'व्हय' म्हणायला डोकं लागत नाही. पाळण्यातल्या पोराने जांभई दिली तरी त्यातून व्हय ऐकू येतं.

आमचे मानकरी म्हणजे माझे दूरचे काका. आवाज असा की समोरच्या बेटावरचे बगळे उडावेत. त्या वर्षी मंडपात कुणीतरी ओरडलं, "काकानूं, मालदीवाचा पण घाला!" हशा पिकला. काकांनी उपरणं सावरलं, नारळ वर धरला.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आंब्याक-काजूक मोहोर भरान येवंदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"परमुलखात ऱ्हवलेल्या आमच्या पोरांची राखण कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" यात बहिणीचा आवाज सगळ्यांत मोठा.

काका आता रंगात आले होते. "आणि जो आमच्या देशावर उलटलो, तो मालदीव सगळो समुद्रात बुडांदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

देऊळ दणाणलं. मीही म्हटलं. माझ्या मागे बायकांच्या रांगेतून बहिणीचा व्हय आला, तितकाच खणखणीत.

काका नारळ फोडायला वाकले. तेवढ्यात मागे बांगड्या वाजल्या, कुणाच्या तरी हातातलं ताट पडलं, आणि बायकांची रांग मोडून ती पुढे आली. चेहरा पांढराफटक. तिने काकांचा हात नारळासकट धरला आणि भर देवळात ओरडली:

"काकानूं, फोडू नकात! मी माझा व्हय परत घेतलंय! मेल्यांनो, माझो झील थंयच आसा, तुमी बुडवतास कोणाक?"