पाहुण्याचं पाणी

"हार ठेवा बाजूला. आधी पाणी."

गाडीतून उतरल्या उतरल्या साहेब हेच म्हणायचे. समोर सरपंच हार घेऊन उभे, मागे कुणाच्या हातात शाल, कुणाच्या हातात नारळ. साहेब त्या सगळ्यांमधून आडवे निघून जायचे आणि रस्त्याला लागलेलं तिसरं घर गाठायचे. पहिली दोन घरं पुढाऱ्यांची असतात, असं त्यांचं म्हणणं. उंबऱ्यावर बसून घरच्या बाईला सांगायचे, "बाय, पाणी दे." सरपंच हार धरून तसेच उन्हात.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कामात चोख आणि वागायला नकोसा. मला ते आवडायचे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचं काम असं. विकासाचा सरकारी पैसा येतो, तो सगळ्या गावांना एकदम पुरत नाही. मग पेण आणि रोहा भागातल्या कोणत्या गावाला नळाचं पाणी आधी आणि कोणत्या गावाला नंतर, याचा क्रम लावायचा. पहिला टप्पा म्हणजे काम होणार. दुसरा टप्पा म्हणजे पुढं कधीतरी. क्रम साहेबांच्या पाहणीवर ठरायचा. म्हणून आमची गाडी आली की गावं हात जोडायची आणि गाडी वळली की शिव्या द्यायची. साहेबांची काच वर असायची. शिव्या मला ऐकू यायच्या.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली, मग ट्रॅक्टर, मग टेम्पो, मग एका नातेवाइकाच्या ओळखीनं इकडं आलो. ऑफिसला गाड्या पुरवणाऱ्या ठेकेदाराला दहावी पास ड्रायव्हर पाहिजे होता. साहेबांनी मला पेणच्या बाजारातल्या गर्दीतून गाडी रिव्हर्स घ्यायला लावली आणि ठेकेदाराला म्हणाले, "गाडीला काय मार्कशीट दाखवायची हाय?" त्या एका वाक्यावर माझं घर अजून चालतंय. आईला फोनवर मी त्यांचं नाव देवासारखं सांगायचो. आणि स्टिअरिंगवर बसलो की मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए मराठवाडा, डावीकडं बघ, म्हस हाय." जशी काही मी जन्मात म्हैस पाहिली नव्हती.

तिसऱ्या घराची गोष्ट सगळीकडं पसरली. रोह्याच्या आतल्या बाजूला वाल पिकवणारं एक गाव आहे. तिथं पाणी चांगलं गोडं, फक्त विहीर लांब. त्यांनी काय केलं, तिसऱ्या घरातल्या हंड्यात मीठ टाकून ठेवलं. साहेबांनी एक घोट घेतला, पेल्यात बोट घातलं आणि बोटावर आलेला खडा उजेडात धरला.

"काकी, ढवळायचं राहिलं गो."

बाई पदर तोंडावर घेऊन आत पळाली. बाहेर पोरं हसली. साहेब हसले नाहीत. ते गाव यादीत खाली गेलं. पुढं नागोठण्याच्या एका टपरीवर त्या गावचा एक जण मला म्हणाला, "तुझ्या सायबाला सांग, परत आमच्या रस्त्यानं आला तर गाडी खांद्यावर घेऊन जावी लागंल." मी चहा अर्धा टाकून उठलो.

हमरापूरकडं घरोघरी गणपती बनवतात, तिथं तर एका म्हाताऱ्यानं हात मोडलेला गणपती आणून आमच्या बॉनेटवर ठेवला. त्यांचा रस्ता खड्ड्यांचा, मूर्ती टेम्पोत हिंदकळून मोडायच्या. "ह्यालाच विचारा रस्ता पायजे का नको!" तो ओरडला. रंगानं भरलेल्या हातांची माणसं गाडीभोवती जमली. साहेब खाली उतरले, मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि म्हाताऱ्याकडं दिली. "माती ओली हाय अजून. सांधा लगेच. रस्त्याचा माणूस वेगळा, मी पाण्याचा." एवढंच बोलून गाडीत बसले. चांगला एखादा शब्द बोलले असते, तर काय बिघडलं असतं?

आता त्या गावाचं सांगतो. पेणच्या पलीकडं खाडीकाठचं गाव. पुरुष मिठागरात, बाया शेतात. विहिरीला मचूळ पाणी. आमच्या परभणीकडं पाण्यासाठी मैलभर चालतात, पण मिळतं ते पाणी असतं. इथं चहूकडं पाणी आणि चहा केला तरी तो खारट.

आम्ही गेलो तेव्हा उधाणानं बांध फुटला होता. शेतात खारं पाणी घुसू नये म्हणून बाया चिखलाची घमेली हातोहात देत बांध बुजवत होत्या. साहेब तिसऱ्या घरी गेले. ते घर हिराबाईचं. तिनं त्यांना पाणी दिलं, ते प्यायले, "गोडं हाय" म्हणाले आणि सरपंचांबरोबर विहीर बघायला गेले. मला नुसतं उभं राहवत नाही. मी बायांच्या रांगेत शिरून घमेली द्यायला लागलो. मागून हिराबाई आली, तिनं बांधावरच्या माठातलं पाणी मला दिलं. घोट घेतला आणि मी थुंकलोच.

"काकी, हे काय?"

"आमी हाच पितो," ती म्हणाली. "सायबाला दिला तो टँकरचा, राखून ठेवलेला. पाहुन्याला मचूळ पानी देतात व्हय? तू कामाला लागलास, तू घरचा."

गाडीत बसल्यावर मी सगळं साहेबांना सांगितलं. ते माझ्यावर खेकसले. "पाहणी तू करतोस का मी? मी प्यायलो तेच लिहिणार. तुझं ऐकून लिहायला लागलो तर उद्या प्रत्येक गाव माझ्या ड्रायव्हरला जेवू घालील." तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. नोकरी होती.

गाव दुसऱ्या टप्प्यात गेलं.

मग त्या गावानं आमचं तोंड बघणं सोडलं, ते समजण्यासारखं होतं. पण खरा राग निघाला हिराबाईवर. टँकर आला की बाया तिचा हंडा बाजूला सारायच्या. "तुझ्याकडं गोडा पानी हाय ना गो? जा, सायबाला बोलव आनि पाज." तिच्या दारावरून जाताना कुणी थांबेना. तिची सून रडत माहेरी गेली, मचूळ पाण्यानं तान्ह्या पोराच्या अंगावर पुरळ उठला म्हणून. गावाचं पाणी गेलं ते हिराबाईनं घालवलं, असं ठरून गेलं. टँकरच्या ड्रायव्हरनं हे मला सांगितलं, मी साहेबांच्या कानावर घातलं.

पेणला हरकतींची सुनावणी झाली. हॉल भरलेला. सरपंचांनी हिराबाईला पुढं ढकललं. "सांग, चुकी झाली म्हणून सांग सायबांना."

ती टेबलासमोर उभी राहिली. "कसली चुकी?"

साहेब म्हणाले, "मला जे दिलं, ते मी लिहिलं."

"नि मी जे द्यायचं तेच दिलं," ती म्हणाली. "दारात आलेल्या मानसाची जीभ खारट करून मला नळ नको."

हॉलमध्ये एकच गलका झाला. तिच्याच गावचे लोक तिला बस म्हणून ओरडत होते. तेवढ्यात एका पोरानं मचूळ पाण्याचा कॅन साहेबांच्या अंगावर रिकामा केला. "घ्या, आता लिहा!" साहेबांनी रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं. परत येताना शर्ट वाळला, तर छातीवर पांढरे डाग पडलेले. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "खाडीकडं घे."

बांध पुन्हा फुटला होता, हिराबाई बायांबरोबर बांधावर होती. साहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "ह्याला दिलंस ते पाणी मला दे."

"नाय."

"अगो, मी मागतोय."

"मागा नायतर नका मागू. पाहुन्याला नाय देनार."

"मी पाहुणा नाय."

"मग काय जावई हाव?"

बाया फिदीफिदी हसल्या. साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. मग चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरून रांगेत उभे राहिले. निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला माणूस. कुणी मुद्दाम भरभरून घमेली त्यांच्या हातात द्यायला लागलं. पहिलंच त्यांच्या पायावर पडलं. "काय सायब, आफिसात टेबलं उचलत नाय वाटतं?" "अरे, त्याला हलका द्या, कागदाचा मानूस हाय तो!" गावातले बाप्ये बांधावर बसून बघत होते, एकही उठला नाही. मी पुढं झालो तर साहेबांनी डोळे वटारले. धापा टाकत होते, सदरा चिखलानं भरला, पण रांग सोडली नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा हिराबाई माठाकडं गेली, पेला भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी तो सगळा पेला संपवला. तोंड वाकडं केलं नाही. पेला परत देताना एवढंच म्हणाले, "सुनेला बोलावून घे."

टप्पे ठरवायच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, "पाहणीत माझी चूक झाली, हे गाव पहिल्या टप्प्यात पाहिजे." मग काय, सगळीच गावं उठली. आमच्याकडंही चुकलं असेल, आमच्याकडंही फिरून या. पुढाऱ्यांना तेच हवं होतं. गाव वर घेतलं गेलं आणि साहेबांकडून ते काम काढून घेतलं. जाताना त्यांना कुणी हार घातला नाही. ऑफिसात चहासुद्धा झाला नाही. मी एकदा विचारलं, "साहेब, आता माझं कसं?" तर म्हणाले, "नव्या साहेबाला सांगून ठेवलंय. गाडी नीट चालव."

खाडीकाठच्या गावात नळ आला. कोनशिलेवर नावं भलत्याच लोकांची. हिराबाईच्या दारात बाया पुन्हा बसायला लागल्या, सून परत आली. साहेबांचं नाव कुणी काढलं की हिराबाई अजून म्हणते, "मेल्याला घमेला धरता येत नव्हता." मग मलाच विचारते, "बरा हाय ना पन?"

मध्यंतरी तिनं त्यांच्यासाठी सुकटीची पुडी दिली. साहेब रोह्याजवळ राहतात, त्या वस्तीत मी गेलो. टँकर लागलेला होता आणि रांगेत साहेब उभे, हातात बादली. मी एका बाईला घर विचारलं, तर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यांचं घर? आमची वस्ती लागली होती पहिल्या टप्प्यात, सगळ्यात शेवटी. कुठलं तरी खाडीचं गाव वर घेतलं ह्यांनी आणि आम्हाला ढकललं खाली. स्वतः राहतात इथं, तरी! राहू दे त्यांना रांगेत उभं."

हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलंही नव्हतं. मी जवळ जाऊन बादलीला हात घातला.

"सोड," ते म्हणाले. "पुडी घरात दे. माझा नंबर लागला की येतो."

मी दारात थांबून बघत होतो. एक बाई आली, तिनं आपला हंडा त्यांच्या पुढं ठेवला. दुसरी आली, तिनंही ठेवला. कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही, आणि त्यांनीही कुणाला हटकलं नाही. नवा हंडा आला की साहेब वाकायचे, बादली उचलायचे आणि एक पाऊल मागं सरकायचे.