कानशिलावर मोडलेली दहा बोटं

आम्ही हरलो ते माझ्यामुळं. हे आधीच सांगून टाकते, कारण तेलगावच्या स्टँडवर उतरून तुम्ही कुणालाही विचारलंत तरी तो हेच सांगेल, आणि वर तिखटमीठ लावून सांगेल. कुणी म्हणतं मी मैदानात लोळले, कुणी म्हणतं मी रेफरीची शिट्टी हिसकावली. यातलं काही खरं नाही. शिट्टीला मी हातसुद्धा लावला नाही. लावायला पाहिजे होता, पण तो विषय वेगळा.

मी नर्स आहे. तेलगावजवळच्या एका गावात, सरकारी उपकेंद्रावर. शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे मला सिस्टर म्हणतात. लेक एकुलती एक, बारावीला, शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. आता आमच्या भागात पोरी फुटबॉल कशा काय खेळायला लागल्या, तर कोल्हापूरकडचे एक सर खेळाचे शिक्षक म्हणून आले. त्या माणसाला क्रिकेटचा भयंकर राग. त्यांनी कापूस वेचणाऱ्यांच्या, मेंढरं वळणाऱ्यांच्या, साखर कारखान्यात कामाला असलेल्यांच्या अशा सगळ्या घरांतनं पोरी गोळा केल्या आणि त्यांच्यापुढं बॉल टाकला. आमची पोरगी उंच, म्हणून तिला गोलात उभी केली. "बाकीच्या पोरी पळत्यात, ही नुसती हुबी ऱ्हाती. मग हिला टीममधी घेतलीच कावून?" असं मी पहिल्या वर्षी सरांना विचारलं होतं. 

तिच्या मॅचला मी कधी गेले नव्हते. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. बाळंतपण काय मॅचची वेळ बघून येतं का? पहिल्या मॅचला निघाले, साडीला पिन लावत होते, तेवढ्यात दारात ऑटो थांबला. बाई अडलेली, बाळ पायाळू. दुसऱ्या मॅचच्या दिवशी पोलिओचा रविवार. तिसऱ्या वेळी तपासणीला साहेब आले आणि साहेबांना चहासोबत भजीच पाहिजे होती. दर वेळी पोरगी म्हणायची, "राहू दे, मम्मी." मलाही वाटायचं, शहाणी आहे, समजून घेते. दहावी झाली आणि तिनं मॅच कधी आहे ते मला सांगणंच बंद केलं. फुटलेला गुडघा बघून मला कळायचं की आज मॅच होती. मी पट्टी करायची, ती "बारकं लागलंय" म्हणायची, आणि आमचं बोलणं तिथंच संपायचं. मला ते खुपायचं. लई खुपायचं.

त्यामुळं दिंद्रुडच्या मैदानावर फायनल आहे हे मला तिच्याकडून नाही, सरांकडून कळलं. समोर धर्मापुरीच्या पोरी. जिंकलं तर टीम विभागाच्या स्पर्धेला जाणार, हरलं तर आमच्या पोरीचं शाळेकडून खेळणं संपलं, कारण बारावीनंतर शाळा कुठली? मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला आणि घरी येऊन जाहीर केलं, "मी येणार हाय मॅचला."

ती भाकरी खात होती. म्हणाली, "बघू."

बघू! मी आई, आणि ती मला बघू म्हणते! तिच्या बापाला हसू आलं, त्यानं ते ताकाच्या वाटीत लपवलं. मला तसं फायनलच्या कपाचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की पोरीनं माझ्याशी पुन्हा बोलावं, आज काय झालं, कोण पडलं, कोण रडलं, हे घरी येऊन सांगावं. आणि त्याला माझ्या हातात हा एकच दिवस उरला होता.

दिंद्रुडला माणूस लोटला होता. खुर्च्या पाहुण्यांना, बाकी सगळे चुन्याच्या रेघेबाहेर फुफाट्यात. मॅच अकराची होती, पण आधी सत्कार. स्टेजवरच्या प्रत्येकाला शाल, नारळ, फेटा, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा सत्कार. बारा वाजून गेले तरी पोरी उन्हात रांगेत उभ्या. मी दोनदा उठून ओरडले, "अहो, पोरींना चक्कर येईल!" दुसऱ्या वेळी स्टेजवरून कुणीतरी माझ्या दिशेनं हात जोडले. लांबून लेकीचा चेहरा दिसत होता. मी ओरडले की ती जमिनीकडं बघायची.

माझ्या शेजारी धर्मापुरीचे एक म्हातारबाबा बसले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांची नात समोरच्या टीममध्ये, नऊ नंबर. त्यांनी चंची सोडली, सुपारी कातरली, मला एक खांड दिलं आणि विचारलं, "बाई, तुमची कोंची?"

"ती. गोलात."

"म्हंजी आपलं वैर हाय म्हना की," बाबा म्हणाले, आणि अजून एक खांड दिलं.

मॅच सुरू झाली आणि मला कळलं की मी सरांना किती अडाणी प्रश्न विचारला होता. नुसती उभी? अगं बाई! ती पोरगी धुळीत अशी झेपावत होती की माझा जीव खालीवर व्हायचा. बाबांची नात म्हणजे वारा. दोनदा एकटी आत घुसली, दोनदा आमचीनं पायांत उडी मारून बॉल काढला. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते विचारू नका. तोंडाला येईल ते, काही तर बाळंतपणातलं, "दम धर! दम धर! आता जोर लाव!" पुढं बसलेल्या बाया मागं वळून बघायला लागल्या. माझ्या अंगावर पोरीसाठी असा काटा कधी आला नव्हता. आजवर आपण हे बघितलंच नाही याचा मला तिथं बसल्या बसल्या फार राग आला, स्वतःचाच.

वेळ संपली तरी गोल कुणाचाच नाही. मग पेनल्ट्या. एकेकीनं मारायचं, पाच इकडून, पाच तिकडून. बाकीच्या पोरी मैदानाच्या मधल्या वर्तुळात जाऊन उभ्या राहिल्या. मला बसवेना. मी हळूच रेघेबाहेरून फिरून गोलाच्या मागं जाऊन उभी राहिले. गोलाला जाळी नव्हती, नुसते तीन पाइप. जाळी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण जाळीचे पैसे बहुतेक फेट्यांत गेले असावेत.

आमच्या पाच झाल्या, तीन आत. त्यांच्या चार झाल्या, दोन आत. आता त्यांची शेवटची, आणि मारायला नऊ नंबर. ही अडवली की आम्ही जिंकलो. एवढं गणित मलाही जमत होतं.  नऊ नंबर पळत आली, मारला, आणि आमची पोरगी डावीकडं आडवी झाली. दोन्ही मुठी बॉलला लागल्या. बॉल उंच उडाला. अडवला! एकच गलका झाला.

आणि मी आत होते. कशी गेले ते मला आठवत नाही. ती नुकतीच उठत होती. मी तिच्या पुढ्यात गेले, तिचं मातीनं भरलेलं तोंड दोन्ही हातांत घेतलं, "माझी वाघीण गं!" म्हणाले, तिच्या गालांवरून हात उतरवले आणि माझ्या कानशिलांवर दहाच्या दहा बोटं कडाकडा मोडली. दृष्ट काढली मी तिची. भर मैदानात. रेफरीच्या डोळ्यांदेखत.

आता लक्षात घ्या, आमचं घर बौद्धाचं. आमच्यात दृष्ट नाही, मीठमोहऱ्या नाहीत, लिंबूमिरची तर नाहीच. मी स्वतः लसीकरणाच्या दिवशी बायांना दरडावते, "लेकराला ताप आला तर माझ्याकडं आणा, मिरच्या कसल्या जाळता?" पण माझ्या आईनं माझ्यावरून अशीच बोटं मोडली होती, तिच्या आईनं तिच्यावरून. डोक्यानं सोडलं, हातांनी सोडलं नव्हतं.

मी बोटं मोडत असताना उडालेला बॉल खाली आला. तो फिरकी घेऊन पडला होता. जमिनीवर टेकला, आणि मेंढरू चुकून भलत्या वाड्यात शिरावं तसा गोलाकडं निघाला. माझ्या चपलेजवळून गेला आणि रेघ ओलांडून आत जाऊन थांबला. शिट्टी वाजली. मला वाटलं, आम्ही जिंकल्याची.

गोल दिला! सर धावत आले. नियमानं ही किक परत घ्यायला पाहिजे, बाहेरचा माणूस मैदानात आला होता, असं त्यांचं म्हणणं. रेफरी म्हणाला, "भायेरचा माणूस आला असता तर घेतली असती, सर. ही तर गोलकीपरची आई हाय. ही भायेरची कशी?"

 मी रेफरीला सांगितलं, "अहो, मी भायेरचीच हाय! मला यातलं काय बी कळत न्हाई!" लोक हसायला लागले. मी लेकीकडं बघितलं, ती हातमोज्याचा पट्टा आवळत होती. पुढची आमची किक आडव्या पाइपावरून गेली. त्यांची आत गेली. संपलं.

म्हातारबाबा उठून माझ्याजवळ आले. जिंकल्याचा आनंद त्यांना नीट करता येईना. म्हणाले, "बाई, कुस्ती बरी. पाठ लागली की मिटलं. ह्येच्यात मिटलं कवा त्येच कळत न्हाई." मी मान हलवली. 

परतीच्या टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी, पोरी मागं. मला वाटलं होतं, शिव्या घालतील, भांडतील.  त्यातल्या एकीनं उतरताना "येते मावशी" म्हटलं, तर मला रडू फुटलं. माझी स्वतःची पोरगी घरात गेली, आंघोळ केली, जेवली, झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. विचारलं तेवढं उत्तर, हो, नाही, ठेव तिथं. आधी कमी बोलायची, आता तेवढंही गेलं. मी हातानं घालवलं.

गावाला मात्र ऊत आला होता. लसीकरणाला बाया आल्या त्या दंडापेक्षा माझ्या बोटांकडंच जास्त बघत होत्या. एक म्हणाली, "सिस्टर, सुई नंतर टोचा, आधी ह्या लेकराची नजर काढा की!" नवरा घरात सारखं नवीन काहीतरी काढायचा. "दहाच्या दहा मोडली? मग लई नजर लागली व्हती म्हनायची." मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून आत नेलं. अर्ध्या तासानं परत दिलं, त्याला काय उपाशी मरू द्यायचं?

तिसऱ्या दिवशी रविवार. ती न्हाणीपाशी बसून हातमोजे घासत होती. आता ते कशाला लागणार होते कुणास ठाऊक. मी मेथी निवडत होते. मला राहवेना.

म्हणाले, "बोल गं काहीतरी. शिव्या घाल. माझ्यामुळं गेलं ना सगळं?"

ती घासतच राहिली.

"मी तोंड धरलं, तुला बॉल दिसला न्हाई. माझीच चूक हाय. मी सरांना तसं सांगितलंय."

"दिसत व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"बॉल. तुझ्या खांद्यावरून. लई हळू चालला व्हता. एक पाय टाकला असता तरी आडला असता."

माझ्या हातातली जुडी खाली पडली. राग असा आला की विचारू नका. "अगं मग आडवायचा ना! मला द्यायचं ढकलून! पडले असते तर पडले असते, नर्स हाय मी, माझी पट्टी मी बांधली असती! फायनल होती ती, बये! विभागाला गेली असतीस! बॉल दिसत होता आणि तू हुबी राहिलीस? कावून?"

तिनं हातमोजे पिळले, तारेवर टाकले, चिमटे लावले. मग माझ्याकडं बघितलं.

"पाच वर्षं खेळले, मम्मी," ती म्हणाली. "बाकीच्या पोरींच्या आया यायच्या. मॅच झाली की आत पळत यायच्या. मी बॉल गोळा करायचे. परवा पहिल्यांदा तू पळत आलीस. तुला ढकलू कशी?"

  मेथी तशीच टाकून मी मोठ्यानं रडले, आणि ती शेजारी बसून मला सांगत राहिली, मॅचमध्ये कोण पडलं, कोण रडलं, आणि नऊ नंबरनं जाताना तिला काय म्हटलं.