'सर' कोणाला म्हणायचं?

शाळेत नोकरी केली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे आपोआप अंगावर बसतात. माझ्या अंगावरचे सगळे त्या इंगळेमुळे!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बुलढाण्याच्या आमच्या शाळेत मी इंग्रजीचा जुना शिक्षक. पोरं मला 'मास्तर' म्हणायची. मग नागपूरहून इंगळे आला. एम.ए., वर टेरिलीनचा शर्ट! तो पहिल्याच दिवसापासून 'सर'. मी आपला मास्तरच! माझा नुसता जळफळाट झाला.

*

आठवडी बाजारात भाजीवालीनं इंगळेच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी वरून टाकली. "घ्या सर, असू द्या!"

मीही पिशवी पुढे केली.

"तुमाले काऊन, मास्तर? तुमी तं घरचेच!"

*

शेवटी मी जाडजूड डिक्शनरी उघडली. 'सर' निघाला लॅटिनच्या 'सिनियर'मधून, म्हणजे वयानं मोठा. स्पॅनिश लोकांचा सेन्योर, फ्रेंचांचा मस्यू, सगळे त्याच घरचे! स्टाफरूममध्ये ठणकावलं, "इंगळे, तू माझ्याहून लहान. 'सर' मी!"

इंगळे गोड हसला. "अन् 'मास्तर' लॅटिनच्या 'मॅजिस्टर'मधून. म्हणजे श्रेष्ठ! तुमाले अजून काय पाहिजे?"

सगळे खो खो हसले. त्याला हेही ठाऊक असावं, याचाच मला जास्त राग आला.

*

घरी बायकोला सांगितलं, "'मॅडम' म्हणजे मुळात 'माझी मालकीण'."

"मंग मले आजवर 'अवं ए' काऊन म्हणून राह्यले तुमी?"

त्या दिवशी लॅटिन आवरतं घेतलं.

*

पण चैन पडेना. हेडमास्तरांची परवानगी काढून प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेसमोर उभा राहिलो. 'सर'चं मूळ समजावलं आणि बजावलं, "या शाळेत जो वयानं सर्वांत मोठा, त्यालाच 'सर' म्हणायचं. बाकी कोणालाही नाही!"

इंगळे खाली मान घालून उभा होता. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा कोट चढवून मी मुद्दामच जरा उशिरा फाटकाशी पोचलो. आतून साऱ्या पोरांचा एकच आवाज आला, "गुड मॉर्निंग, सर!"

घंटेखाली आमचे म्हातारे शिपाई रहीमचाचा बावचळून उभे होते. मला पाहताच लगबगीनं आले.

"मास्तर, हे पोट्टे मले 'सर' काऊन म्हणून राह्यले हो?"